विकत घेतलेल्या ई-पुस्तकाचं कुलूप काढलं तर गुन्हा होतो का?

प्रश्न सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. गेल्या आठ-नऊ वर्षांत त्यांनी दीडशेच्या आसपास ई-पुस्तकं विकत घेतली. पुस्तकांवर विक्रेत्याचं डिजिटल कुलूप आहे, त्यामुळे वाचन मंडळासाठी लेख लिहायला ॲपमधून उतारा कॉपी होत नाही, प्रिंट निघत नाही. वडील ब्याऐंशीचे, डोळ्याच्या पडद्याच्या विकाराने वाचन बंद झालेलं, आणि ॲप पुस्तक वाचून दाखवत नाही. भाचा म्हणतो, "मावशी, कुलूप काढून देतो, पाच मिनिटांचं काम आहे." त्यांना पोलिसांची भीती वाटते, आणि हा 'फेअर यूज' धरला जाईल का, असं त्या विचारतात. शिवाय घरात मराठी नाटकांच्या व्हीसीडी-डीव्हीडींचा खोका आहे, तो हार्ड डिस्कवर उतरवायचा आहे. आणि शेवटचा प्रश्न: "माझ्यामागे ही पुस्तकं माझ्या मुलीला मिळतील का?"

ताई, मी पुण्यात बावीस वर्षं कॉपीराइटची प्रकरणं चालवतोय. प्रकाशक माझे अशील आहेत, तशी ग्रंथालयं आणि अंधांसाठी काम करणारी एक संस्थाही आहे. आधी थेट उत्तरं देतो. वडिलांसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणणं कायद्याला पूर्ण मान्य आहे, फक्त भाच्याने एक नोंद ठेवायची आहे. उतारा घ्यायला कुलूप काढायची गरजच नाही. डिस्का स्वतःसाठी उतरवून ठेवा. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र बहुतेक पुस्तकांबाबत 'नाही' असं आहे, आणि ते देताना मला दरवेळी वाईट वाटतं.

आता कारणं. तुम्ही 'फेअर यूज' म्हणालात. तो शब्द अमेरिकेचा. तिथे चार निकष लावून न्यायालय ठरवतं की वापर रास्त होता का. आपल्या १९५७च्या कायद्यात शब्द आहे 'फेअर डीलिंग', रास्त वापर म्हणू या. कलम ५२मध्ये कोणत्या कृतींना कॉपीराइटचा भंग म्हणायचं नाही याची लांबलचक यादी दिली आहे. त्यातलं पहिलंच पोटकलम तुमच्या कामाचं: खाजगी किंवा वैयक्तिक वापर, संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. २०१२च्या दुरुस्तीआधी हे फक्त साहित्य, नाट्य, संगीत आणि चित्र-शिल्पांसारख्या कलाकृतींना लागू होतं. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं बाहेर होती. २०१२ला तिथे 'कोणतीही कृती' असा शब्द आला, संगणक प्रोग्राम तेवढे वगळून. आणि खाली एक स्पष्टीकरण जोडलं गेलं: या कारणांसाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवून ठेवणं हाही भंग नाही. हे स्पष्टीकरण लोकांना माहीत नसतं. वकिलांनाही पुष्कळदा नसतं.

कुलपाबद्दलचं कलम ६५ए त्याच दुरुस्तीत आलं. ते नीट वाचायला हवं, कारण इंटरनेटवर 'डीआरएम (म्हणजे हेच डिजिटल कुलूप) काढणं बेकायदा आहे' असं जे सर्रास लिहिलेलं असतं ते बहुतेक अमेरिकेवरून उचललेलं असतं. तिथे १९९८च्या कायद्याने कुलूप तोडणं हीच चूक ठरवली. पुस्तक तुमचं, कारण रास्त, तरीही. मग सूट हवी असेल तर दर तीन वर्षांनी होणाऱ्या प्रक्रियेत अर्ज करायचा. अंध वाचकांच्या संघटनांना ई-पुस्तकं ऐकता यावीत एवढ्यासाठी तिथे वर्षानुवर्षं हे करावं लागलं आहे.

आपल्याकडे तसं नाही. ६५ए म्हणतं की कॉपीराइट कायद्याने दिलेले हक्क जपण्यासाठी लावलेला तांत्रिक उपाय, ते हक्क भंग करण्याच्या हेतूने जो चुकवेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सगळा भार 'हेतूने' या शब्दावर आहे. लगेच पुढचं पोटकलम सांगतं की कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी कोणी हे केलं तर त्याला ही शिक्षा लागू नाही. कलम ५२ने ज्याला भंग म्हटलेलं नाही, ते करण्याचा हेतू हा भंगाचा हेतू कसा ठरेल? मी ही दोन कलमं नेहमी शेजारी-शेजारी ठेवून वाचतो, आणि माझ्या मते त्यांचा दुसरा अर्थ लागत नाही.

तुमच्या वडिलांचा प्रश्न तर याहून पक्का आहे. ५२(१)(झेडबी) हे २०१२मध्येच आलेलं पोटकलम दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात कृती आणण्याची मुभा 'कोणत्याही व्यक्तीला' देतं. संस्थाच लागते असं नाही. मुलगी, नातू, भाचा, शेजारी, कोणीही. अट एवढीच की त्यावर नफा कमवायचा नाही. फार तर खर्च घ्यायचा. अंध वाचकांसाठीचा मराकेश करार २०१३मध्ये झाला आणि २०१४मध्ये त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. परदेशातल्या परिषदांत हे ऐकलं की मला अजूनही बरं वाटतं.

भाच्याच्या नोंदीबद्दल. ६५एला एक परंतुक, म्हणजे जोडअट, आहे. दुसऱ्याला रास्त कारणासाठी कुलूप काढायला जो मदत करेल त्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कारण, याची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. मी ज्या संस्थेचं काम पाहतो तिथे आम्ही साधी दोनशे पानी वही घातली. रकाने आखले: तारीख, वाचकाचं नाव-पत्ता, पुस्तक, खरेदीचा ऑर्डर क्रमांक, कारण, मदत करणाऱ्याची सही. कारणाच्या रकान्यात एवढंच: 'दृष्टिदोष, ऐकण्यायोग्य स्वरूपासाठी, कलम ५२(१)(झेडबी)'. मागे पावतीची प्रिंट आणि डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दाखल्याची किंवा यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स पिनने लावलेली. भाच्याला असं एक पान करायला सांगा आणि ते जपून ठेवा. आणि तयार झालेली फाइल वडिलांच्या फोनवरच राहू द्या. वाचन मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती गेली की (झेडबी)चं संरक्षण संपलं.

पण कुलपाला हात लावण्याआधी आणखी दोन दारं ठोठावून बघा, कारण कुलूप काढूनही मराठी पुस्तक वाचून दाखवलं जाईलच असं नाही. त्या संस्थेतला एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. एक अंध विद्यार्थी संगणकापुढे बसला, एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम (स्क्रीन रीडर) चालू केला, बाण दाबत पुढे गेला. स्क्रीन रीडर म्हणाला, "ग्राफिक." पुन्हा बाण. "ग्राफिक." प्रत्येक पान म्हणजे एक चित्र होतं. दुसरं पुस्तक उघडलं, त्यात अक्षरं होती, पण यंत्राच्या तोंडून आलं ते अगम्य काहीतरी. पुस्तक युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या, आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं होतं. पडद्यावर 'आई' दिसत होतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. श्रीलिपी आणि त्या पिढीच्या फॉन्टांत जुळवलेल्या असंख्य मराठी पुस्तकांची हीच गत आहे. हे कुलूप मुद्दाम कोणी लावलेलं नाही, पण डीआरएमपेक्षा ते अधिक चिवट निघालं. अशा पुस्तकाला ओसीआर करावं लागतं, म्हणजे पानाच्या चित्रावरून यंत्राने अक्षरं ओळखायची. गूगल ड्राइव्ह किंवा टेसेरॅक्टने मराठी ओसीआर बऱ्यापैकी होतं. जोडाक्षरं आणि अनुस्वार तपासावे लागतात. तेही (झेडबी)मध्येच बसतं.

म्हणून पहिलं दार प्रकाशकाचं. मराठीत प्रकाशन हा बहुतेक घरगुती व्यवसाय आहे, फोन मालकच उचलतो. 'वडिलांना दिसत नाही, पुस्तक आम्ही घेतलं आहे, ही पावती, युनिकोड फाइल मिळेल का' असं पत्र किंवा मेल पाठवा. माझ्या अनुभवात पुष्कळजण फाइल देतात, काही तर लाजून देतात. दुसरं दार सुगम्य पुस्तकालयाचं: २०१६मध्ये केंद्र सरकारने डेझी फोरम ऑफ इंडिया या दृष्टिदोष असलेल्यांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थांच्या मंचासोबत सुरू केलेलं ऑनलाइन ग्रंथालय, जिथे दृष्टिदोष असलेल्या वाचकांना ऐकता येतील अशी पुस्तकं सभासद होऊन मिळतात. हवं ते पुस्तक आधीच कोणी तयार करून ठेवलं असेल तर भाच्याला कष्टच नकोत.

उताऱ्याचं उत्तर छोटं आहे. ॲपने कॉपी अडवली म्हणून तुमचा हात अडत नाही. पुस्तक समोर ठेवा आणि उतारा टाइप करा. यात कुठलंही कुलूप तुटत नाही, म्हणून ६५ए मध्ये येतच नाही. वाचन मंडळाच्या लेखात तो समीक्षेसाठी वापरला की कलम ५२ आहेच. किती घ्यावा? केरळ उच्च न्यायालयाने १९९६मध्ये, एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या नाटकाच्या प्रकरणात, तीन गोष्टी पाहायला सांगितल्या: आपल्या टीकेच्या मानाने घेतलेला भाग किती आणि किती मोलाचा, तो कशासाठी घेतला, आणि आपली कृती मूळ कृतीशी स्पर्धा करेल का. तुमचा लेख वाचून कोणी 'आता पुस्तक घ्यायला नको' म्हणणार नसेल, तर निर्धास्त लिहा. लेखकाचं नाव द्या, शब्द बदलू नका.

आता खोका. व्हीसीडी संगणकात घातली की एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसतं, त्यात .डॅट फाइल. ती सरळ उचलून हार्ड डिस्कवर ठेवता येते, कारण व्हीसीडीला कुलूप नसायचंच. तेच नाटक डीव्हीडीवर घेतलेलं असेल तर सीएसएस नावाचं कुलूप असू शकतं, वर डिस्क कोणत्या देशांत चालेल हे ठरवणारा प्रदेशाचा कोडही, भारताचा पाच. म्हणजे स्वस्तातली डिस्क घेणाऱ्याला प्रत करता येते आणि जास्त पैसे मोजणाऱ्याला नाही. कायद्याच्या नजरेत दोन्ही डिस्का सारख्याच. २०१२नंतर चित्रमुद्रणही वैयक्तिक वापराच्या सवलतीत आलं आहे, साठवणुकीचं स्पष्टीकरण आहे, आणि डिस्क तुमच्या मालकीची आहे. बुरशी लागून ती गेली तर नाटकाचं ते चित्रमुद्रण कदाचित पुन्हा मिळणारही नाही. उतरवा. मूळ डिस्का फेकू नका, त्या विकू नका, आणि यूट्यूबवर चढवू नका. मूळ विकून प्रत ठेवली तर तो रास्त वापर राहत नाही.

संगणकाचा प्रोग्राम असेल तर नियम वेगळा: कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला हरवण्या-बिघडण्याच्या भीतीपोटी बॅकअप ठेवता येतो, आणि व्यापारी हेतू नसेल तर वैयक्तिक वापरासाठी प्रतही करता येते. तो तुमचा प्रश्न नाही म्हणून पुढे जातो.

इथवर मी तुमच्या बाजूचा कायदा सांगितला. आता त्याची मर्यादा. कलम ५२ तुमच्यावर खटला झाला तर ढाल म्हणून उपयोगी पडतं, पण विक्रेत्याकडे जाऊन 'मला किल्ली द्या' असं म्हणायचा हक्क ते देत नाही. कुलूप इतकं पक्कं केलं की कोणालाच निघेना, तरी कंपनीने कायदा मोडला असं होत नाही. दुसरं, विक्रेत्याच्या अटी. त्यांत कुलूप काढायला मनाई असते आणि तुम्ही 'मान्य आहे'वर बोट दाबलेलं असतं. ब्रिटनने २०१४मध्ये टीका-अवतरण, खाजगी अभ्यास, दिव्यांगांसाठीच्या प्रती अशा काही सवलतींपुरतं कायद्यातच लिहून टाकलं की करारातल्या अटीने त्या काढून घेता येणार नाहीत. आपल्या कायद्यात असं सर्वसाधारण कलम नाही. ते असायलाच हवं, आणि संधी मिळेल तिथे मी हे बोलत आलोय. तोवर खरा धोका तुरुंगाचा नाही, खातं बंद होण्याचा आहे. भीती ठेवायचीच असेल तर ती ठेवा, आणि जिथे टाइप करून, प्रकाशकाकडून किंवा सुगम्यमधून काम होतं तिथे कुलपाच्या वाटेला जाऊ नका.

प्रकाशकांची बाजूही मी लढवतो, म्हणून त्यांचंही मनापासून सांगतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असते. नव्या पुस्तकाची पीडीएफ टेलिग्रामवर फिरली की लेखकाच्या तोंडचा घास जातो, आणि ते चोरीच आहे. पण माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत फिरणारी फाइल जवळजवळ नेहमी छापील पुस्तक स्कॅन करून बनवलेली होती. कडेला अंगठा दिसायचा, मधली शिवण काळी आलेली असायची. ई-पुस्तकाच्या कुलपाने त्या चोराचं काही अडलं नव्हतं. अडलं ते पैसे भरणाऱ्या वाचकाचं. अमेरिकेत टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशनाने २०१२मध्येच आपल्या ई-पुस्तकांवरचं कुलूप काढून टाकलं. काहीजण फाइलवर खरेदीदाराचं नाव उमटवतात आणि कुलूप लावत नाहीत. मी माझ्या प्रकाशक अशिलांना हाच मार्ग सुचवतो. दोघांनी तो पत्करला आहे.

मुलीचा प्रश्न. छापील पुस्तक एकदा विकलं की त्या प्रतीवर प्रकाशकाचा ताबा संपतो. ते तुम्ही द्या, विका, मृत्युपत्रात लिहा. ई-पुस्तकात तुम्ही 'खरेदी करा' हे बटण दाबता, पण अटींत असतं लायसन्स, तेही तुमच्यापुरतं, दुसऱ्याला न देता येणारं. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये टॉम कॅबिनेट प्रकरणात सांगितलं की वापरलेलं ई-पुस्तक जुन्या पुस्तकासारखं पुन्हा विकता येत नाही. आणि लायसन्स देणारा ते परतही घेऊ शकतो. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या वाचकांच्या किंडलवरून ऑरवेलची दोन पुस्तकं परस्पर काढून घेतली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पण एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी समासात केलेल्या नोंदी कोणत्या ओळीबद्दल होत्या, ते सांगणारं पानच उरलं नाही. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा विकलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली; पैसे परत केले. माझंही असं झालंय. एका विक्रेत्याकडून घेतलेले कायद्याचे तीन टीकाग्रंथ एका मेलबरोबर गेले, पैसे नाहीत की पुस्तकं नाहीत. त्यातल्या एकात अकरा वर्षांच्या माझ्या खुणा होत्या.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून नियम आहे की लायसन्सच देत असाल तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरायचा नाही. आपल्याकडे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यात 'अनुचित करार' ही व्याख्या आहे, आणि अशा अटी रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे. पुस्तकं परस्पर गायब झाली, पैसे मिळाले नाहीत, तर सेवेतली त्रुटी म्हणून सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुम्ही राहता तिथे करता येते, विक्रेता बंगळुरूला असो की सिॲटलला. पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवून बघा, तेवढ्यानेही कधी कधी पैसे परत येतात. यासाठी लागतात पावत्या, आणि त्या त्याच खात्यात अडकलेल्या असतात. म्हणून या आठवड्यात बसून दीडशे पावत्यांच्या पीडीएफ उतरवून घ्या, आणि ज्या दिवशी पुस्तक घेतलं त्या दिवशीच्या अटींचं पान मिळत असेल तर तेही.

मग पुस्तकांची यादी करा आणि पुढे लेखकाच्या निधनाचं वर्ष लिहा. निधनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. ती संपली की मजकूर सगळ्यांचा. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११पासून मुक्त आहे. अशा मजकुरावर लावलेल्या कुलपाला ६५ए मध्ये आधारच नाही, कारण जपायला हक्कच उरलेला नसतो. नवी प्रस्तावना, टिपा किंवा मुखपृष्ठ मात्र वेगळं धरायचं. आणि ती पुस्तकं विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयासारख्या ठिकाणी युनिकोडमध्ये मिळाली तर मुलीलाही देता येतील आणि वडिलांनाही ऐकवता येतील. उरलेल्यांपैकी तिने वाचावीत असं तुम्हाला मनापासून वाटतं ती निवडा आणि त्यांच्या छापील प्रती घ्या. यादी तयार झाली की मला पाठवा, वर्षं मी तपासून देतो.